शीतपेयातील राळ आणि आपला जाणून घेण्याचा हक्क

२०२५ च्या भीमजयंतीला मोहोपाड्याच्या मिरवणुकीत आम्ही होतो. एप्रिलचे ऊन, तापलेला डांबरी रस्ता, निळे झेंडे आणि कानठळ्या बसवणारा डीजे. वाटेत एका मंडळाच्या तरुणांनी टेबल मांडून नारिंगी रंगाच्या थंड पेयाच्या छोट्या बाटल्या वाटायला घेतल्या होत्या. दहा रुपयांची बाटली, ठोक भावात आणखी स्वस्त. पोरे तुटून पडली. पाच-सहा वर्षांच्या एका मुलीने एकामागून एक तीन बाटल्या रिचवल्या आणि तिची आई कौतुकाने हसत होती. तरुणांचा हेतू चांगला होता. वर्गणीतून उरलेल्या पैशांत त्यांनी समाजबांधवांची तहान भागवली. त्यांना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही.

वकिलाला बारीक छापील अक्षर वाचायची खोड असते. एक रिकामी बाटली उचलून आम्ही मागचे लेबल वाचू लागलो. सगळे इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. पाणी, साखर, आम्लता राखणारे काही, रंग, आणि मग ‘इमल्सिफायर’ आणि ‘स्टॅबिलायझर’ या शब्दांपुढे कंसात नुसते आकडे. त्यातला एक आकडा ४४५. शेजारी उभ्या असलेल्या पदवीधर कार्यकर्त्याला विचारले, हा आकडा कशाचा? त्याला सांगता आले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही त्या क्षणी सांगता आले नाही. कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाला आपल्या लेकरांच्या पोटात काय जाते हे वाचता येऊ नये, याची लाज वाटली. म्हणून या विषयाच्या मागे लागलो.

आता काही मित्र म्हणतील, समाजापुढे अत्याचार आहेत, शिष्यवृत्तीचे पैसे अडकले आहेत, नोकऱ्यांचे खाजगीकरण चालले आहे, आणि वकीलसाहेब सरबतावर काय लिहीत बसले? प्रश्न रास्त आहे. पण याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले ते ओंजळभर पाण्यासाठीच. काय प्यायचे, कुठे प्यायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा आमच्या चळवळीला नवा प्रश्न नाही.

रसायनी हे नावच रसायनांवरून पडलेले. हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि पाताळगंगेच्या काठी तिचा कारखाना उभा राहिला. पुढे हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स आली, औद्योगिक वसाहत आली. आमच्या वस्त्यांतल्या कित्येक घरांच्या चुली या कारखान्यांवर पेटल्या. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑर्गॅनिक केमिकल्सचा इथला कारखाना बंद करायचा निर्णय घेतला. अग्निबाणाला लागणारे नायट्रोजनचे रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे द्यायचे ठरले. पण कारखाने गेले तरी तिथे शिकलेली माणसे गावात आहेत. इथल्या विहारात संध्याकाळी बसणाऱ्या ज्येष्ठांत पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग, हे तोंडपाठ असणारी माणसे सापडतात. हे वैभव दुसऱ्या तालुक्यांत नाही.

अशाच एका निवृत्त ऑपरेटर काकांना आम्ही ती बाटली दाखवली. चश्मा कपाळावर चढवून त्यांनी आकडे वाचले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, एक संत्रे आणा आणि साखर घातलेले पाणी आणा.” संत्र्याची साल त्यांनी पाण्यावर दाबून पिळली. पाण्यावर तेलाचा बारीक तवंग आला. “हा वास, ही चव, सगळी या तेलात आहे. हे तेल पाण्यापेक्षा हलके. बाटलीत घातले तर चार दिवसांत वर येऊन गळ्याशी कडे धरते. गिऱ्हाईक म्हणणार, माल खराब झाला. मग कंपनीवाला काय करतो? तेलात असे काही विरघळवतो की त्याचे वजन पाण्याएवढे होईल. मग ते वरही येत नाही, खालीही बसत नाही. पेय ढगाळ दिसते आणि गिऱ्हाईकाला वाटते, आत फळाचा रस आहे.”

एवढ्या चार वाक्यांत काकांनी जे सांगितले ते आम्हाला नंतर पुस्तकांतून तपासायला आठवडा लागला. तेल आणि पाणी एकजीव ठेवायचे काम खरे तर डिंकासारखे पदार्थ करतात. तेलाला वजन देणारा पदार्थ वेगळा असतो. पण बाजारात आणि बोलण्यात दोघांनाही सरसकट इमल्सिफायर म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच म्हणतो. या वजन देणाऱ्या पदार्थाचीच गोष्ट सांगण्यासारखी आहे.

या कामासाठी एके काळी जगभर वापरात होते ते ब्रोमीन घातलेले वनस्पती तेल. सोयाबीनचे किंवा मक्याचे तेल घ्यायचे आणि त्यावर ब्रोमीनची प्रक्रिया करायची. तेल जड होते. मूळ पदार्थ झाडाचाच. पण १९७० च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांत त्यांच्या हृदयावर दुष्परिणाम दिसले आणि ब्रोमीन शरीरातील चरबीत साठून राहते हेही आढळले. ब्रिटनने १९७० मध्ये त्यावर बंदी घातली. अमेरिकेने त्याच वर्षी ते ‘सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेल्या’ पदार्थांच्या यादीतून काढले, पण बंदी घातली नाही. दशलक्षात १५ भागांची मर्यादा घालून तात्पुरती परवानगी दिली. ही ‘तात्पुरती’ परवानगी किती काळ टिकली? पन्नासहून अधिक वर्षे! मधल्या काळात, १९९७ मध्ये, रोज दोन ते चार लिटर असे पेय पिणाऱ्या एका माणसाची केस वैद्यकीय नियतकालिकात आली. डोके दुखणे, थकवा, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा. ब्रोमीनची बाधा. तरीही परवानगी चालूच. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती अखेर रद्द केली, आणि कंपन्यांना माल बदलायला आणखी एक वर्ष दिले.

आणि भारत? भारताने हे तेल १९९० मध्येच बंद केले. अमेरिकेच्या चौतीस वर्षे आधी. हे वाचून आम्ही चकित झालो. आपल्या डोक्यात पक्के बसलेले असते की परदेशी कंपनी तिकडे चांगला माल विकते आणि इकडे टाकाऊ. पुष्कळदा ते खरेही असते. इथे उलटे घडले. पेप्सी १९९० मध्ये भारतात आली, कोका-कोला १९९३ मध्ये परत आली, तेव्हा इथे हे तेल वापरायला कायद्याने मज्जाव होता आणि त्यांच्या मायदेशी त्यांच्याच काही पेयांत ते चालू होते. कायदा असला की बलाढ्य कंपनीही निमूटपणे पाळते. कायदा नसला की गोऱ्या अमेरिकेतले पोरही ब्रोमीन पिते. भांडवल कोणाच्याच लेकराचे मामा नसते.

तिकडे हे तेल पेयांतून मागे हटू लागले ते आधी सरकारच्या हुकमाने नव्हे. मिसिसिपी राज्यातल्या एका शाळकरी मुलीने बाटलीवरचे लेबल वाचले, तो शब्द तिला खटकला, तिने शोध घेतला आणि २०१२ मध्ये अर्जाची मोहीम उघडली. दोन लाखांवर सह्या झाल्या. जानेवारी २०१३ मध्ये पेप्सी कंपनीने खेळाडूंच्या पेयातून ते तेल काढायचे जाहीर केले. २०१४ मध्ये कोका-कोलाने तसेच जाहीर केले. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीने हे केले, कारण बाटलीवर जे लिहिले होते ते तिला वाचता येत होते. ते तिच्या भाषेत होते आणि तिथे आकडा नव्हता, पदार्थाचे नाव होते. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. पुढे आम्हाला त्याच मुद्द्यावर यायचे आहे.

ब्रोमीनचे तेल गेले, मग त्याच्या जागी काय आले? तेच ४४५. राळ. हो, आपल्या ओळखीची राळ. रेडिओ दुरुस्तीवाला सोल्डरिंग करताना कथिलाची तार ज्यात बुडवतो ती, नाटकात मशालीवर उधळली की ज्वाळांचा लोट उठतो ती. पाइन म्हणजे चिडाच्या झाडापासून ही निघते. राळेवर ग्लिसरीनची प्रक्रिया करून, शुद्ध करून जे तयार होते त्याला ‘वुड रोझिनचे ग्लिसरॉल एस्टर’ किंवा थोडक्यात एस्टर गम म्हणतात. संत्र्याच्या, लिंबाच्या तेलात ते विरघळते आणि त्याला वजन देते. च्युइंग गममध्येही असते.

आता इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोबाईलवर एक संदेश फिरतो की शीतपेयात टर्पेंटाइन घालतात, रंगाऱ्याचे थिनर घालतात. आमच्याच काही कार्यकर्त्यांनी तो पुढे पाठवला आहे. हे खरे नाही. टर्पेंटाइन आणि राळ एकाच झाडातून येतात, पण टर्पेंटाइन हे उडून जाणारे तेल आणि राळ ही मागे राहणारी वस्तू. आणि पेयात जाते ती कच्ची राळसुद्धा नव्हे, तिचे शुद्ध केलेले एस्टर. बुद्धाच्या अनुयायाने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये. आरोपांची राळ उडवणे सोपे असते. तपासणे कठीण. आपण दुसरे काम करणारे लोक आहोत.

तपासले तर काय दिसते? अमेरिकेत आणि युरोपात हा पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅमपर्यंत घालता येतो. आपल्याकडेही मर्यादा घालूनच परवानगी आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये त्याची फेरतपासणी केली तेव्हा माणसाच्या वजनाच्या दर किलोला रोज साडेबारा मिलिग्रॅम हे आधीचे प्रमाण कायम ठेवले, मात्र पुरेशी माहिती येईपर्यंत ते तात्पुरते धरावे असे म्हटले. हिशेब करू. वीस किलोच्या मुलाला दिवसाला अडीचशे मिलिग्रॅम. दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत मर्यादेइतके घातले तर वीस मिलिग्रॅम होतात. मिरवणुकीतल्या त्या मुलीने तीन बाटल्या प्यायल्या म्हणजे साठ. ती मर्यादेच्या खूप आत आहे. तिच्या आईने आज रात्री झोप उडवून घ्यायचे कारण नाही. (त्या तीन बाटल्यांतली साखर हा वेगळा विषय आहे, आणि आमच्या मते राळेपेक्षा मोठा. ज्या कातकरी वाडीत पोर आधीच कुपोषित आहे तिथे गोड पाण्याने पोट भरणे म्हणजे भाकरीची जागा रंगाने घेणे. पण तो लेख पुन्हा कधी.)

मग तक्रार कसली? तक्रार ‘मर्यादेइतके घातले तर’ या तीन शब्दांची आहे. हिशेब बरोबर आहे, पण तो कागदावरचा. मर्यादेच्या आत हा पदार्थ निर्धोक मानला जातो तो तीन अटींवर. शंभर मिलिग्रॅमच्या जागी हजार मिलिग्रॅम पडू नयेत. राळ शुद्ध असावी. आणि ती कायद्यात सांगितलेलीच राळ असावी. मोठ्या कंपनीच्या कारखान्यात वजनकाटा असतो, रसायनशास्त्र शिकलेली माणसे असतात, आणि बदनामीची भीतीही असते. पण शेडमध्ये दोन पिंपे आणि एक बाटलीबंद यंत्र मांडून नारिंगी पाणी विकणाऱ्याकडे काय असते? सांद्र अर्काचा डबा आणि अंदाज. कर्जत, खालापूरच्या आठवडी बाजारात, वीटभट्टीजवळच्या टपरीत, आदिवासी वाडीतल्या किराणा दुकानात जी बाटली विकली जाते ती बहुतेक वेळा अशी. शिवाय प्लास्टिकच्या नळीतला तो रंगीत बर्फ, ज्याला आमच्याकडची पोरे ‘पेप्सी’च म्हणतात, आणि ज्याचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नसतो. ज्याच्या खिशात चाळीस रुपये आहेत त्याला मोजलेली राळ मिळते. ज्याच्याकडे पाच-दहा आहेत त्याला न मोजलेली.

तिसऱ्या अटीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या देशात ती जास्त महत्त्वाची आहे. राळ काढण्याच्या दोन रीती इथे महत्त्वाच्या आहेत. एक, चिडाचे जुने बुंधे खणून, त्यांचे तुकडे करून द्रावकाने काढलेली. ती वुड रोझिन. दुसरी, उभ्या झाडाला चिरे देऊन, ठिबकणारा चीक गोळा करून काढलेली. ती गम रोझिन. भारतात हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरांत चिडाला चिरे देऊन चीक काढतात. हिमाचलच्या वन महामंडळाचे नाहन आणि बिलासपूर येथे राळेचे कारखाने आहेत. म्हणजे आपल्याकडे सहज मिळते ती दुसऱ्या प्रकारची. आणि परवानगी ज्या नावाने आहे ती पहिल्या प्रकारची. फरक नावापुरता आहे का? २०११ मध्ये युरोपच्या त्याच प्राधिकरणापुढे दुसऱ्या प्रकारच्या राळेचा अर्ज आला तेव्हा, तिच्या घटकांची पुरेशी माहिती नाही, म्हणून पहिल्या राळेवरचे निष्कर्ष हिला लावता येत नाहीत, असे तज्ज्ञांनी ठरवले. ती विषारी आहे असे ते म्हणाले नाहीत. माहीत नाही, म्हणून परवानगी देता येत नाही, एवढेच म्हणाले. ‘माहीत नाही’ या उत्तरावर तिकडे दार बंद राहते. इकडे तेच उत्तर असले की दार उघडे राहते.

‘झाडापासून मिळते, नैसर्गिक आहे, मग भ्यायचे काय?’ असे विक्रेते म्हणतात. कातकरी माणसापुढे हे बोलून पाहा. खैराचा कात काढणारी ही जमात. झाडातून काय निघते आणि ते किती घ्यायचे हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. धोतराही झाडच आहे, तंबाखूही झाडच. आणि ब्रोमीनचे तेलही शेवटी सोयाबीनचेच होते की!

मे महिन्यात आम्ही कायदा वापरून पाहायचे ठरवले. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ हा ऑगस्ट २०११ पासून लागू आहे. त्याआधीच्या १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यात होते तसे एक कलम यातही आहे. कलम ४०. कोणताही ग्राहक, होय, कोणताही, विकत घेतलेला खाद्यपदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. मात्र विकत घेतानाच दुकानदाराला सांगावे लागते की हे तपासणीसाठी आहे. माल कायद्याविरुद्ध निघाला तर फी परत मिळते. आम्ही एका टपरीवर जाऊन तशा बाटल्या मागितल्या आणि कायद्याप्रमाणे सांगितले. टपरीवाला पोरगा आपल्याच समाजाचा. बाप कारखान्यात होता, कारखाना बंद झाला, पोराने टपरी टाकली. त्याचा चेहरा उतरला. “वकीलसाहेब, तुम्ही पण माझ्याच पोटावर पाय देता?” असे म्हणाला. त्याला समजावायला अर्धा तास लागला की खटला भरायचा झाला तर बनवणाऱ्यावर, आणि त्याच्याकडे मालाचे बिल असेल तर तेच त्याचे संरक्षण. बिल नव्हते. मोटारसायकलवरून माल येतो, रोख पैसे घेऊन माणूस निघून जातो.

काही आठवड्यांनी अहवाल आला. रंग तपासला होता, कृत्रिम गोडी तपासली होती, टिकवणारे रसायन तपासले होते. तिन्ही मर्यादेत. आम्ही ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्या राळेच्या एस्टरचा अहवालात शब्दही नव्हता. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, ती तपासणी इथे होत नाही. होत नाही! ज्या पदार्थाला मर्यादा घातली आहे तो मोजण्याची सोय नसेल, तर ती मर्यादा कोणासाठी आहे? तराजू नसलेल्या बाजारात वजनाचा कायदा! त्या प्रयोगशाळेतल्या माणसांना दोष देऊन उपयोग नाही. यंत्रे लागतात, प्रशिक्षित माणसे लागतात, भरलेली पदे लागतात. पैसा कुठे खर्च करायचा हे मंत्रालयात ठरते.

हा अनुभव आम्हाला २००३ ची आठवण देऊन गेला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने शीतपेयांचे १२ ब्रँड तपासले आणि त्यांत लिंडेन, डीडीटी, मॅलेथिऑन, क्लोरपायरिफॉस ही कीटकनाशके सापडल्याचे जाहीर केले. देशभर गदारोळ झाला. आपल्या महाराष्ट्राचे शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. फेब्रुवारी २००४ मध्ये तिने अहवाल दिला आणि केंद्राचे निष्कर्ष बरोबर असल्याचे मान्य केले. रसायनीकरांना त्या यादीतली नावे परकी नव्हती. डीडीटी आणि मॅलेथिऑन इथल्याच हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्समध्ये बनत. आमची माणसे नाकाला फडके बांधून ती पोत्यांत भरत होती. पण त्या वादातून आम्ही शिकावे ते वेगळेच. तो प्रश्न कोणी शोधला? सरकारी यंत्रणेने नव्हे. एका संस्थेने स्वतःची प्रयोगशाळा उभारली म्हणून देशाला कळले. ज्याच्याकडे प्रयोगशाळा त्याच्याकडे सत्य.

न्यायालयाचा मार्गही लोकांनी चालून पाहिला आहे. २००४ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने बाटलीत काय आहे ते, कीटकनाशकांच्या अंशासह, बाटलीवर छापा असा आदेश दिला. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तिथे त्यांची डाळ शिजली नाही. त्याच वर्षी शीतपेयांतील घटकांबाबत एक जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाली. ती चालू असताना असे उघड झाले की अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या शास्त्रीय समित्यांवर बड्या कंपन्यांचीच माणसे बसलेली आहेत. कायद्याच्या कलम १३ मध्ये ‘स्वतंत्र’ शास्त्रज्ञ असा शब्द असताना! २०११ मध्ये न्यायालयाने समित्या नव्याने नेमायला लावल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये अंतिम निकाल आला. घातक अन्न हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, आणि त्याची सांगड लोकांचे पोषण व आरोग्य सुधारण्याचे कर्तव्य राज्यावर टाकणाऱ्या अनुच्छेद ४७ शी घातली पाहिजे, असे न्यायालयाने मांडले. वेगळी तज्ज्ञ समिती मात्र नेमली नाही. प्राधिकरणानेच देखरेख करावी असे सांगितले. वकील म्हणून आम्हाला हा निकाल अर्धा वाटतो. तत्त्व भक्कम, आणि अंमलबजावणी पुन्हा त्याच दारात.

तरीही या तत्त्वाचा वापर करता येतो, आणि तो लेबलापासून सुरू करावा असे आमचे मत आहे. लेबलाच्या नियमात काय आहे? २०२० च्या नियमांप्रमाणे बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असावा. दुसरी भाषा जादा म्हणून छापायला हरकत नाही. म्हणजे मराठीची सक्ती नाही. आणि मिसळलेल्या पदार्थाचे नाव किंवा आकडा, दोन्हींपैकी एक चालते. कंपनी अर्थातच आकडा छापते. आता खालापूरच्या वाडीतली आई डोळ्यांपुढे आणा. चौथी शिकलेली. बाटलीवर इंग्रजी आहे आणि त्यात ४४५, ४१४ असे आकडे आहेत. तिला कळणार काय? तेच इमल्सिफायरच्या पुढे ‘पाइनच्या राळेचे एस्टर’ असे मराठीत असते तर तिने कोणाला तरी विचारले असते. विचारणे हीच पहिली पायरी. ज्ञान संस्कृतात कोंडून ठेवले तेव्हा काय झाले ते आम्हाला सांगायला नको. आज ते आकड्यात कोंडले आहे.

कारखान्यात असताना पिंपावर कवटीचे चित्र असायचे, काका सांगत होते. निरक्षर मजुरालाही कळायचे की इथे हात लावायचा नाही. “तिथे पगार घेऊन काम करणाऱ्याला चित्र होते, वकीलसाहेब. इथे पैसे देऊन पिणाऱ्याला आकडा आहे.”

म्हणून आम्ही एक निवेदन तयार केले आहे. मागण्या तीन आहेत. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या शीतपेयांवर घटकांची नावे मराठीत आणि आकड्याबरोबर शब्दात असावीत. एस्टर गमचे प्रमाण आणि ते कोणत्या राळेचे, हे तपासण्याची सोय कोकण विभागातल्या निदान एका सरकारी प्रयोगशाळेत व्हावी. आणि तपासणीचे नमुने फक्त हमरस्त्यावरच्या हॉटेलांतून आणि मॉलमधून न घेता आठवडी बाजारातून, वाड्यांमधून, वीटभट्ट्यांवरून घ्यावेत. टपरीवाल्यांना माल देताना बिल द्यायची सक्ती वितरकावर असावी, हे चौथे म्हणून आम्ही त्या पोराच्या आग्रहाने घातले. निवेदन अन्न व औषध प्रशासनाकडे आणि दोन्ही तालुक्यांच्या तहसीलदारांकडे जाईल. ग्रामसभांनी तसा ठराव करून जोडला तर त्याला वजन येईल.

कलम ४० खाली करायच्या अर्जाचा मराठी मसुदाही आम्ही केला आहे. रसायनी, खोपोली, कर्जत, नेरळ येथील विहारांत आणि आमच्या कार्यालयात त्याच्या प्रती ठेवल्या आहेत. ज्याला हव्या त्याने न्याव्यात. अर्ज करताना एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. नुसते ‘पेय तपासावे’ असे लिहू नका. ‘एस्टर गम, आकडा ४४५, याचे प्रमाण तपासावे’ असे स्पष्ट लिहा. म्हणजे ती तपासणी होत नसेल, तर होत नाही असे त्यांना सही-शिक्क्यानिशी लेखी द्यावे लागेल. आमच्याकडे ते तोंडी उत्तर आहे. कोर्टात तोंडी चालत नाही.